प्रवाशांच्या यादीतलं नाव

“माझ्या जित्याजागत्या लेकाला शाईनं मारलंस गं, कैदाशिणी! शाईनं!”

गलीला म्हातारीनं गाठोडं उंबऱ्याबाहेर भिरकावलं, तशी अंगणातली कबुतरं फडफडत मनोऱ्यावर जाऊन बसली. चर्चमधून येऊन पायातल्या चपलासुद्धा अजून काढल्या नव्हत्या. गाठोडं सुटलं, आणि हेलानाचा निळा झगा धुळीत पसरला… तोच निळा झगा, जो घालायचा सोडू नये म्हणून ह्याच सासूनं तिला शपथ घातली होती! “प्रवाशाच्या बायकोनं काळं घालू नये, पोरी, वाटेवरच्या माणसाला ते बाधतं,” असं म्हणाली होती. आता त्याच झग्यावर पाय देऊन ती उभी होती, आणि शेजारणी भिंतीवरून माना उंचावून बघत होत्या.

“बोल ना! दातखीळ बसली का? भर उपासनेत, धूप चालू असताना, त्या नव्या अबूनानं मोठ्यानं वाचलं… ‘प्रभु, निजलेला तुझा दास सिदराक, ह्याला विसावा दे!’ निजलेला! अख्ख्या गावानं ऐकलं. ती चिठ्ठी कोणाच्या हातची? मला तर अलिफ कशाशी खातात ते माहीत नाही!”

“माझ्या हातची, आई.”

“आणि मी काय सांगितलं होतं तुला?”

“प्रवाशांत लिही म्हणून.”

“मग?”

हेलानाच्या ओठांशी एक वाक्य आलं. एकच वाक्य! तीन वर्षं ते माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात रुतून बसलं होतं. एवढं बोलली असती, तर भिंतीवरची सगळी तोंडं जागच्या जागी मिटली असती. पण तिनं सासूच्या छातीवर गच्च दाबलेल्या हाताकडे पाहिलं, निळसर पडलेल्या ओठांकडे पाहिलं… आणि ते वाक्य पुन्हा गिळून टाकलं.

“चुकलं माझं,” ती हळूच म्हणाली. “पेटी चुकली.”

वेदीच्या पडद्याजवळ दोन लाकडी पेट्या होत्या; त्यांतल्या चिठ्ठ्या अबूना, म्हणजे आमचे धर्मगुरू, वाचत. एकीत आजाऱ्यांची आणि प्रवाशांची नावं पडायची. दुसरीत, जे प्रभूत निजले त्यांची. रोज सकाळी प्रवाशांसाठी प्रार्थना होई, शनिवारी सकाळी निजलेल्यांसाठी. एवढी साधी गोष्ट गावातलं शेंबडं पोरही चुकत नसे.

“पेटी चुकली! वा गं वा!” म्हातारीचा आवाज चिरकला. “त्या लबीब मास्तराच्या आईवेगळ्या पोरींचे झगे शिवून देतेस, तेव्हा नाही गं हात चुकत! मला काय दिसत नाही? डोळ्यांत मोतीबिंदू आहे, अकलेत नाही. विधवा झाल्याशिवाय चर्च दुसऱ्यांदा लग्नाचा मुकुट डोक्यावर ठेवत नाही… म्हणून माझ्या लेकाला मारून टाकलंस! निघ! माझा सिदराक परत येईपर्यंत ह्या उंबऱ्यावर पाऊल टाकशील तर याद राख!”

हेलानानं धुळीतला झगा उचलला, झटकला, घडी केली. निरोपाचं चुंबन घ्यायला ती सासूच्या हाताशी वाकली, तर म्हातारीनं हात असा मागे ओढला, जणू चटका बसला. काय वाटलं असेल हो त्या पोरीला! तरी दारातून वळून ती म्हणालीच, “गोळ्या खिडकीत आहेत, आई. सकाळी अर्धी, संध्याकाळी एक. मसूर भिजत घातलाय.”

आणि ती नाईलच्या धक्क्याकडे चालू लागली. पैलतीरी, मल्लावीच्या बाजूला, तिच्या भावाचं घर होतं.

खरं काय होतं, ते आता सांगायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी, कापसाची वेचणी चालू असताना, कालव्यावर कपडे धूत असलेल्या हेलानासमोर गत्तास येऊन उभा राहिला. गत्तास आणि सिदराक एकाच दिवशी इराकला गेले होते, इमारतींच्या कामाला. तिकडे युद्ध पेटलेलं, पण तिथली माणसं आघाडीवर गेली म्हणून आपल्या गावच्या पोरांना काम भरपूर; लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सिदराक निघाला होता. “दोन उन्हाळे, हेलाना. तिसऱ्याला मी दारात,” असं म्हणाला होता.

“बस आधी, बहिणी,” गत्तास म्हणाला, आणि तो स्वतःच मटकन खाली बसला.

परांचीवरून पडला होता सिदराक. पाचव्या मजल्यावरून. बगदादमधल्या एका लहानशा चर्चच्या आवारात चौघा सोबत्यांनी त्याला मातीआड केलं होतं. आपला अबूना नाही, आपलं कोणी नाही. जेवढी स्तोत्रं पाठ होती, तेवढी रडत रडत म्हटली.

“आणि तुन्या?” हेलानानं विचारलं. तिच्या डोळ्यांत तेव्हा पाण्याचा टिपूस नव्हता.

गत्तासनं मान खाली घातली. “तुन्या कुठला गं तिकडे! अंगावरच्याच कपड्यांत ठेवला. सिमेंटनं माखलेल्या शर्टात.”

मग मात्र तिचं अंतःकरण विदीर्ण झालं! सिदराक चर्चचा शमास, वेदीपाशी सेवा करणारा, होता. सतराव्या वर्षी त्याच्या अंगावर तो पांढरा पायघोळ तुन्या चढला, आणि ज्या तुन्यात शमास वेदीपाशी गातो, त्याच तुन्यात तो पुरला जातो; त्याच वस्त्रात प्रभूसमोर उभा राहतो, अशी आमची रीत. आणि तिचा सिदराक, ज्याचा आवाज ऐकून म्हाताऱ्या बाया ओढणीनं डोळे पुसायच्या, तो मजुराच्या मळक्या शर्टात देवापुढे गेला होता… ती कालव्याच्या काठावर ओल्या कपड्यांत तोंड खुपसून रडली. तेवढंच काय ते रडली, कारण घरात बारा दिवसांवर नणंदेचं, रिफ्काचं, लग्न होतं.

बारा दिवस! घरात मृत्यू झाला की वर्षभर लग्न नाही, आणि रिफ्काचा नवरामुलगा महिन्याभरात ऑस्ट्रेलियाला निघणार. वर्षभर कोण थांबतंय? शिवाय गलीला म्हातारीचं काळीज. मल्लावीच्या डॉक्टरनं बजावलेलं, “धक्का बसता कामा नये.” हेलानानं गत्तासला शपथ घातली. आठवड्यानं तो परत निघाला, तेव्हा पेटीतला तुन्या काढून तिनं त्याच्या हाती दिला. “त्याच्या अंगावर घाला. उशीर झालाय… पण घाला.” आणि तस्सा दुसरा तुन्या शिवून तिनं पेटीत ठेवला, म्हणजे म्हातारीला पेटी रिकामी दिसायला नको. शिवणकाम तिचंच होतं. आतल्या काठावरचा तो लाल धाग्याचा क्रूससुद्धा, जो सासूनं लेकाच्या तुन्यावर स्वतः काढला होता, तिनं जसाच्या तसा काढला.

लग्न झालं. हेलाना नणंदेच्या लग्नात टाळ्या वाजवून गायली. मग “सणानंतर सांगू,” मग “रिफ्काची प्रसूती सुखरूप होऊ दे, मग सांगू,”… असत्य एकदा घरात शिरलं की पाहुण्यासारखं राहतं, आणि मग घरचंच होऊन बसतं. पोस्टमन दारावरून गेला की म्हातारी विचारायची, “आलंय का गं काही?” आणि हेलाना म्हणायची, “नाही, आई.” गाव म्हणायचं, युद्ध आहे, पत्रं गहाळ होतात. ते तिलाही बरंच पडे.

पण तिच्या तोंडाला कुलूप होतं, ते नुसत्या डॉक्टरच्या धाकानं नव्हतं. रोज पहाटे गलीला म्हातारी पूर्वेकडे तोंड करून, दोन्ही तळवे उघडे धरून म्हणायची, “हे विश्वासू देवा, तू शब्द मोडत नाहीस. माझा सिदराक तुझ्या हातात.” दुखऱ्या गुडघ्यांवर वाकायची, उठायची, पुन्हा वाकायची. आणि आत पीठ मळणारी हेलाना ते ऐकून मनात म्हणायची… मी ज्या दिवशी तोंड उघडेन, त्या दिवशी हिचे दोन जण मरतील. एक हिचा लेक, आणि दुसरा हिचा देव! लेक गेल्यावर एखादी आई कशीबशी जगेल. पण विश्वास गेल्यावर? तेव्हापासून तिनं ठरवूनच टाकलं, की हे दुःख आपल्या एकटीच्या वाट्याचं.

म्हाताऱ्या अबूना बिसेन्तींजवळ मात्र तिनं पापकबुली दिली. ते म्हणाले, “सासूला सांग, लेकी. आणि सांगवत नाही तोवर निदान देवापुढे तरी खोटं लिहू नकोस.” म्हणून म्हातारी “प्रवाशांत लिही” म्हणे, हेलाना मान हलवी, आणि चिठ्ठी निजलेल्यांच्या पेटीत टाकी. अबूना बिसेन्ती नावं ओठातल्या ओठात वाचत. तीन वर्षं ते निभलं. मग ते अंथरुणाला खिळले, आणि महाउपवासाच्या सहाव्या आठवड्यात शहरातून तरुण अबूना वीसा आले, खणखणीत आवाजाचे. आपल्या माणसाचं नाव कानावर पडलं की घरच्यांना बरं वाटतं, असा त्यांचा चांगला विचार. त्या बिचाऱ्यांचा काय दोष!

तर हेलाना पैलतीरी गेली. भावजय पहिल्याच दिवशी भाकरी समोर आपटत म्हणाली, “नवरा परमुलखात, सासरनं हाकललेली… आता आमच्या पोरींना कोण करून घेणार, बाई?” हेलानानं भाकरीचे दोन तुकडे केले, एक परत ठेवला. कोणी काही विचारलं तरी तिचं एकच उत्तर, “माझीच चूक झाली.” पहाटे ती पूर्वेकडे तोंड करायची, पण तिला प्रार्थना सुचायची नाही. मग ती सासूचीच प्रार्थना म्हणायची, “तुझ्या हातात, देवा… त्यांची गोळी चुकू देऊ नकोस.”

इकडे म्हातारी एकटी. राग असा की भाजी घेऊन आलेल्या शेजारणीशीसुद्धा कडू बोलायची. पाम रविवार दोन दिवसांवर आला, पोरं खजुरीच्या कोवळ्या पात्या विणत बसली, आणि गलीलानं पेटी उघडून तुन्या काढला. दर ईस्टरला तो धुवून, नीळ घालून ठेवायचा; सिदराक आलाच तर वेदीपाशी कशात उभा राहणार! मागची तीन वर्षं सून तिला पाण्यात हात घालू देत नव्हती. “सांधे दुखतील, आई, मी धुते.” आज म्हातारी मुद्दाम, इरेला पेटून धुवायला बसली.

काठ चोळता चोळता तिची बोटं थांबली.

लाल धाग्याचा क्रूस. म्हातारीनं तो बोटांनी चाचपला, उलटा करून मागून चाचपला. मागे एक बारीकशी गाठ होती.

गलीलानं जन्मात कधी धाग्याला गाठ मारली नव्हती. तिच्या आईनं शिकवलेलं, पवित्र वस्त्राला गाठ नको, टोक टाक्याखालून परत ओवायचं. लहानपणी त्यासाठी तिनं फटके खाल्ले होते. डोळे फसतील, पण बोटं?… हा टाका तिचा नव्हता. हा तुन्या तिच्या लेकाचा नव्हता!

“मग माझ्या लेकाचा तुन्या कुठंय?” ती मोठ्यानं म्हणाली. अंगणात ऐकायला कोणी नव्हतं.

शमासाच्या घरातून तुन्या कायमचा बाहेर पडतो तो एकाच वाटेनं. त्याच्या अंगावर. हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिच्या नवऱ्याचा तुन्या असाच गेला होता, तिच्या बापाचाही.

ती पडली नाही. छातीवर हात ठेवून परातीतल्या पाण्याकडे बघत बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांपुढून तीन वर्षं सरकत गेली. रिफ्काच्या लग्नात गाता गाता सुनेचा बसलेला आवाज. “पत्र आलं का?” म्हटलं की तिचं चटकन पाठ फिरवणं. तो निळा झगा, जो मी बळेबळे घालायला लावला, आणि त्या झग्यावरून गावानं तिला काय बोलायचं बाकी ठेवलं! आणि शनिवारी, भर अंगणात, एक वाक्य बोलली असती तर सुटली असती… ती म्हणाली, गोळ्या खिडकीत आहेत.

“अगं पोरी,” म्हातारीनं ओला तुन्या छातीशी धरला, “तू रडलीस कुठं गं? कोणापाशी रडलीस?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या नावेनं ती पैलतीरी गेली. नावाडी लेकाच्या नावानं हाक मारत म्हणाला, “उम्म सिदराक, ह्या वयात एकटी?” ती म्हणाली, “वल्हव मुकाट्यानं.” भावाच्या दारात हेलाना डाळ निवडत होती. सासूला पाहून ती धडपडत उठली, सूप कलंडलं.

“आई! तुम्ही चालत आलात? बसा आधी. गोळी घेतली का?”

“गोळी गेली खड्ड्यात. माझा लेक कुठं ठेवलाय, ते सांग.”

हेलानानं तिच्या हातातलं गाठोडं पाहिलं. पांढऱ्या कापडाचं टोक बाहेर आलं होतं. ती तिथंच दाराला टेकली.

“बगदादमध्ये,” ती म्हणाली. “चर्चच्या आवारात. गत्तास म्हणाला, जवळ अंजिराचं झाड आहे.”

“तुन्या?”

“पोचला, आई. गत्तासनं नंतर कळवलं, कबर उघडून अंगावर पांघरला.”

“पडला का कुठून? का त्या युद्धानं…”

“परांचीवरून.”

“लगेच गेला?”

“लगेच.”

“हे तरी खरं का गं?”

“खरं, आई. आता एकसुद्धा खोटं उरलं नाही माझ्याजवळ.”

आणि मग त्या म्हातारीच्या तोंडून जो आक्रोश निघाला, तो ऐकून भावजयीच्या हातातली किटली खाली पडली! “सिदराका! माझ्या राजा! पोटच्या गोळ्या!…” तिनं डोक्यावरची ओढणी फेडली, छाती बडवली. हेलाना तिला बिलगली, आणि तीन वर्षं थिजलेलं रडं तिच्याही छातीतून फुटून निघालं. नवऱ्याच्या नावानं ती पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडली. दोघी उंबऱ्यावर, सांडलेल्या डाळीत बसून, एकमेकींच्या गळ्यात पडून रडत राहिल्या.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं नाक पुसलं. “का नाही सांगितलंस?”

“तुमचं काळीज…”

“काळजाचं नाव सांगू नकोस मला. खरं सांग.”

“भीती वाटली, आई. तुम्ही रोज म्हणायचात, देव विश्वासू आहे, तो शब्द मोडत नाही. मला वाटलं, हे कळलं तर… तुमचा देवच जाईल. मग तुमच्याजवळ काय उरणार?”

गलीलानं कपाळावर हात मारला.

“वेडी गं वेडी! मी सहा पोरं जन्माला घातली, चार ह्या हातांनी पुरली. तुला काय वाटलं, माझा देव माझ्या लेकाच्या जिवावर जगत होता? मी रोज काय म्हणत होते? माझा सिदराक तुझ्या हातात. ‘त्याला आण’ असं म्हणत होते का?” ती थांबली. “म्हणत होते. खोटं कशाला बोलू! आण, आण, आण, असंच म्हणत होते. पण आधी ‘तुझ्या हातात’ म्हणत होते. तो परांचीवरून पडला, पोरी. त्याच्या हातातून नाही पडला.”

हेलानानं खाली पडलेली ओढणी उचलून तिच्या खांद्यावर घातली.

“पण तू मला तीन वर्षं माझ्या लेकासाठी रडू दिलं नाहीस. हा तुझा गुन्हा. आणि मी…” म्हातारी गुडघे धरत उठली. काय करतेय ते कळायच्या आत ती सुनेसमोर वाकली, आणि तिनं कपाळ जमिनीला टेकवलं, जसं उपवासात आम्ही एकमेकांपुढे वाकतो. “मी पाप केलं. मला मोकळं कर.”

“आई, नको! उठा! मोकळं आहे सगळं, मोकळं आहे!” हेलानानं तिला उचललं. आणि म्हातारीनं सुनेचा हात ओढून त्याचं चुंबन घेतलं, गेल्या शनिवारी जिला तिनं आपल्या हाताला शिवू दिलं नव्हतं, तिचाच हात!

पाम रविवारी दोघी गावच्या चर्चमध्ये शिरल्या, तेव्हा कुजबूज एकदम थांबली. हेलानाच्या अंगावर काळा झगा होता. काळी ओढणी सासूनं स्वतःच्या हातांनी तिच्या डोक्यावर बांधली होती. भिंतीवरून बघणाऱ्या त्या शेजारणींसमोर उभं राहून म्हातारी खणखणीत म्हणाली, “माझा लेक तीन वर्षांपूर्वी प्रभूत निजला. ह्या पोरीनं माझ्यासाठी ते पोटात ठेवलं. हिला आजवर जे जे बोललात, ते जेवायच्या आधी आठवा.” लबीब मास्तराच्या आईनंच पहिल्यांदा येऊन हेलानाला जवळ घेतलं.

त्या दिवशी उपासना संपली की सगळ्यांची मिळून अंत्यप्रार्थना होते. पवित्र आठवड्यात कोणी गेलं तर त्याच्यासाठी वेगळी प्रार्थना नसते, म्हणून जिवंतपणीच सगळ्या गावावर एकदम म्हणतात. अबूना वीसांचा आवाज घुमला, पाण्याचे थेंब माथ्यावर पडले. गलीलानं तो गाठ मारलेला तुन्या मांडीवर उलगडून धरला होता. अबूनांच्या हातचं पाणी त्याच्यावरही पडलं. माती तिकडे बगदादला झाली, प्रार्थना इकडे आज होत होती. दोघी मोकळ्या गळ्यानं रडल्या, आणि कोणी त्यांना गप्प केलं नाही.

सण आला. त्यांच्या घरी सणाची नानकटाईसारखी कहक भाजली नाही. दुःखाच्या घरात भाजत नाहीत. शेजारणींनी आणून दिली, आणि म्हातारीनं एक मोडून अर्धी सुनेच्या हातात ठेवली.

सणानंतरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी हेलाना कागदाचे तुकडे आणि पेन घेऊन सासूजवळ बसली.

“लिही,” गलीला म्हणाली. “निजलेल्यांत. सिदराक.”

हेलानानं लिहिलं.

“झालं? आता दुसरी घे. प्रवाशांची.”

“त्यात कोण, आई?”

“गलीला. आणि त्याच्याखाली हेलाना.” म्हातारीनं तळहातानं डोळे पुसले. “तो पोचला गं. वाटेवर आहोत त्या आपण दोघी.”

हेलानाला अक्षरं दिसेनात. एक थेंब कागदावर पडला, सासूचं नाव थोडं फिसकटलं. तिनं ते पुन्हा नीट गिरवलं, खाली आपलं लिहिलं, आणि दोन्ही चिठ्ठ्यांच्या घड्या केल्या.

“नीट धर,” म्हातारी म्हणाली. “आणि ह्या वेळी पेटी चुकवू नकोस.”